पथ्याचा कागद

शुगर दोनशे ऐंशी निघाली तेव्हा
दवाखान्यातल्या बाईंनी एक कागद दिला,
पुढून मागून कन्नडमध्ये.
मला त्यातले आकडे तेवढे कळले
आणि तळाशी केळ्याचं चित्र,
त्याच्यावर फुली.

उद्यमबागेत, दुपारच्या सुट्टीत,
लेथ बंद करून हात पुसता पुसता
तो कागद शिवबसूपुढं धरला.
तेवीस वर्षं शेजारच्या मशीनवर आहे तो.
त्याचं मराठी माझ्या कन्नडपेक्षा बरं,
म्हणजे शिव्यांच्या पुढंही जातं.

कपाळावरचा चष्मा खाली ओढून
त्यानं कोर्टातल्या बेलिफासारखं वाचलं:
भात एक मूठ.
मूठ पोरीची धरायची, तुझी नव्हे.
भाकरी जोंधळ्याची, रोज.
पुंडीची भाजी, मुळ्याचा पाला, हत्तरकी,
शनिवारच्या बाजारात ज्याचा ढीग मोठा
आणि भाव लहान, ते.
मोडाची मटकी. कारळ्याची चटणी.
चहा बिनसाखरेचा;
पहिले पंधरा दिवस तोंड वाकडं करायला परवानगी.
मग पान उलटलं, जरा थांबला.
एकट्यानं जेवायचं नाही.
आणि पोटानं 'साकु' म्हणायच्या आधी
जिभेनं म्हणायचं.

असं लिहिलंय?
तो म्हणाला, सरकारी कागद हाय,
माझ्या बापाचा न्हवं.

आमच्या घरात चपातीचं राज्य.
मालूच्या पहिल्या भाकऱ्या
सीमाभागाच्या नकाशासारख्या चिरल्या,
कुठलं काय कुणाचं, कळेना.
आम्ही तुकडे गोळा करून खाल्ले.
महिन्याभरानं एक फुगली,
तेव्हा तिनं शेजारच्या महादेवीला हाक मारून दाखवली.

हत्तरकीला मराठीत काय म्हणतात
मला अजून माहीत नाही.
खाताना अडत नाही.
पालेवाली ती चिमट्यानं मोजल्यासारखी देते
आणि वर चार काड्या फुकट.

मोडलं नाही असं नाही.
गणपत गल्लीत एकदा पाव किलो कुंदा
उभ्या उभ्या संपवला,
बोटं चाटली, तोंड रुमालानं पुसलं,
रुमाल नाल्यात टाकला.
दुसऱ्या दिवशी शिवबसूनं डबा उघडता उघडता
नुसतं माझ्याकडं बघितलं.
म्हणाला, कागद घरीच हाय न्हवं? आण उद्या,
परत वाचू.
ओरडला नाही.
अर्धी भाकरी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली,
वर शेंगदाण्याची चटणी, हिरवी मिरची,
आणि त्याच्या बायकोनं केलेलं
वांगं एकच, देठासकट.

तपासणीला एकशे साठ आली.
बाई म्हणाल्या, अजून.

पोरीला शाळेत कन्नड आहे.
परवा पिठाच्या डब्यामागं
तो कागद तिला सापडला, तेलकट, घड्या फाटलेला.
वाचला आणि हसायला लागली.
बाबा, ह्यात भाकरी कुठाय?
गहू इतके ग्रॅम, डाळ इतके ग्रॅम.
हत्तरकी नाही. मूठ नाही.
एकट्यानं जेवू नका तर कुठंच नाही.
आणि ही मागची बाजू
हात कसे धुवायचे त्याची आहे.

मी कागद तिच्या हातातून घेतला,
होता तसा घडी केला.
मालू काही बोलली नाही,
तव्यावरची उलटून घेतली.

आज दुपारी भोंगा झाल्यावर
शिवबसूपुढं तो परत धरला.
म्हटलं, मागची बाजू विसरलो,
वाच की जरा.
त्यानं चष्मा ओढला, घसा साफ केला.
ह्या खेपेला एक कलम नवीन निघालं:
जेवल्यावर गेटपर्यंत दोनदा चालणे,
सोबत एक माणूस घेऊन.

बरं, म्हटलं. चल.